शंभर रुपयांची कपात

बोटं माझी, शब्द त्यांचे.
बावीस वर्षं मी सभागृहात बसते,
अध्यक्षांच्या आसनाखालच्या टेबलाशी,
दहा मिनिटं लिहिते आणि उठते.
मग तुंगारे येतो, माझ्याच उबेत बसतो
आणि वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे नेतो.
मला बरीच वाक्यं सुरू झालेली ठाऊक आहेत,
संपलेली थोडी.

मार्चातली दुपार. नरिमन पॉइंटचा समुद्र भिंतीपलीकडे,
आत एसी, दोन सदस्य शालीत, एक झोपेत.
आज मागण्यांवर चर्चा.
मागणी हा इथे सरकारचा शब्द:
सरकार मागतं, सभागृह देतं.
आझाद मैदानात पालावर बसलेल्यांना
हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

तीन पंचवीसला आमचे आमदार उभे राहिले.
आमचे म्हणजे माझे. मी मानखुर्दची.
हे इथे कुणाला माहीत नाही,
लेखणीला मतदारसंघ नसतो.
म्हणाले, अध्यक्ष महोदय, या मागणीत
शंभर रुपयांची कपात करण्यात यावी,
कारण नाल्यावरचा पादचारी पूल बांधण्यात
शासनाला आलेलं अपयश.

हजारो कोटींतून शंभर रुपये.
नवखा असेल तो हसतो.
मी नाही हसत. एवढ्या मोठ्या घराचं दार
वाजवायला बोटाचं एक पेर पुरतं,
आत कुणी असलं तर.

फळ्या कुजल्यात, म्हणाले.
शाळेच्या मुली चपला हातात घेऊन जातात, म्हणाले.
बरोबर. मीही.
तिसरी फळी गेली तेव्हा कुणीतरी तिथे
निवडणुकीचा फलक आडवा टाकला,
तेव्हापासून आम्ही एका हसऱ्या चेहऱ्यावर पाय देऊन
ये-जा करतो. हे ते बोलले नाहीत.
चेहरा कुणाचा, ते मीही सांगणार नाही.

"त्याच फळीवरून गेल्या महिन्यात"
एवढं लिहिलं, आणि तुंगारेनं खांद्याला हात लावला.
तीन पस्तीस.

खोलीत फोन वाजत होता. बहिणीचा सुहृद,
कोलोरॅडोत सरकारी उद्यानात वाटाड्या.
तिकडे पहाटेचे साडेचार, याला झोप नाही.
मावशी, आमच्या दोन सभागृहांचं खर्चावर जमेना,
उद्यानाला साखळी लावलीय,
सतरा दिवस घरी आहे, पगार नाही.
फाटकाशी माणसं येतात, फोटो काढून परत जातात.
तुमच्याकडे असं अडतं का गं?

नाही रे, म्हटलं. आमच्याकडे पाच वाजतात.

आणि वाजले.
पुन्हा माझी पाळी होती.
उरलेली चौदा खाती, ज्यांच्यावर कुणी
अवाक्षर काढलं नव्हतं, एका दमात मताला आली.
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.
होय.
प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.
होयचे बहुमत, होयचे बहुमत.
शालीतले उठले, झोपेतलाही होय म्हणाला.
माझ्या वहीत अर्धं पान.

रात्री तुंगारेचा टंकलेला मजकूर माझ्याला जोडला.
"त्याच फळीवरून गेल्या महिन्यात (अडथळा)".
त्याखाली मंत्र्यांचं आश्वासन, तपासून घेतो,
त्याखाली: कपात सूचना सभागृहाच्या अनुमतीने मागे घेण्यात आली.

अडथळ्याच्या जागी काय होतं ते मला माहीत आहे.
वेणूताई गायसमुद्रे, खुब्याचं हाड, शताब्दीत अजून.
पेन्सिल हातात होती. कंस तेवढा उघडा ठेवून
मी थोडा वेळ बसले.
मग पान पुढे पाठवलं. न बोललेलं लिहिणं
हा माझा हक्क नाही. निवडून आलेली मी नव्हे.

नाल्याच्या अलीकडे भंगारवाल्या इद्रिसभाईंकडे
जुन्या सागवानाची एक फळी उभी होती.
केवढ्याला?
तीनशे चाळीस.
शंभर कमी करा.
ते हसले. दहा करतो, ताई.

मंजूर, मी म्हटलं,
आणि एक टोक धरलं.