वरचा पाऊस

मोहेम्बोला सकाळी सातला
कापिंगा आधी काठीनं पाणी ठोकते,
मगर आहे का विचारते,
मग गुडघाभर उतरून पट्टीवरचं शेवाळ अंगठ्यानं पुसते
आणि आकडा वाचते. मोठ्यानं.

एक मीटर त्र्याऐंशी.
काल एकोणऐंशी होता.
रात्रीतून चार सेंटिमीटर, आणि आभाळात
ढगाची चिंधीसुद्धा नाही.

एप्रिल. इथला पाऊस कधीच आटोपला.
आटोपला म्हणजे काय,
अंगणातल्या पत्र्याच्या डब्यात
वर्षभराचा तीनशे बारा मिलिमीटर,
त्यात एक दिवस कोरा, कारण कुत्र्यानं डबा लवंडला.
तेवढ्यावर बाजरी गुडघ्याएवढी झाली
आणि तिथंच उभी राहिली.

हा पूर इथला नव्हेच.
हे अंगोलाच्या उंचावर जानेवारीत पडलेलं पाणी,
परक्या कौलांवरून, परक्या गुरांच्या पाठींवरून ओघळलेलं.
वाळूत मुरलं, गवताच्या मुळाशी थांबलं,
निघालं तेव्हा निवळशंख झालेलं.
पुढे तर उतारही नाही.
माणूस आठ-दहा दिवसांत पायी जाईल
तिथं पाणी पोचायला जुलै उजाडतो:
लव्हाळ्यात अडतं, पाणघोड्यांच्या वाटांनी वळतं,
वारुळाला वळसा घालून त्याचं बेट करतं.

खाली माऊनहून ओन्केमेत्सेचा फोन येतो.
त्याच्या तीन होड्या वाळूत पालथ्या पडल्यात.
"कधी?"
कापिंगा म्हणते, "आकडा सांगते. तारीख नदीला विचार."

गालेफेलेनं तारीख विचारली नव्हती.
वीस वर्षं कोरड्या पात्रात
बाभळी वाढल्या, बकऱ्या चरल्या, पोरांनी गोल मांडले,
तिनं चार खोल्या बांधल्या, निळा रंग दिला.
मग एका वर्षी, कडक थंडीत, लख्ख उन्हात,
पाणी आलं. गर्जना नाही, लोंढा नाही.
तळहाताएवढी जीभ,
पुढे मुंग्या पळताहेत, मागे बगळे,
बाजूनं गावातली पोरं तिच्याच चालीनं चालताहेत, हसताहेत.
उंबऱ्याशी क्षणभर थबकली
आणि आत गेली.
गालेफेले खाटेवर पाय वर घेऊन बसली.
निळ्या भिंतीवर ती रेघ अजून आहे.
त्या साली इथल्या वहीत काय लिहिलं होतं
ते कापिंगानं परत एकदा काढून बघितलं:
आकडा बरोबर होता.
अक्षरही चांगलं होतं.

कापिंगाची आई वरची.
लढाई पेटली तेव्हा डोक्यावर बाजरीचं बियाणं घेऊन उतरली.
सरकारनं त्यांच्या वस्त्यांना नावं दिली नाहीत, नंबर दिले:
एत्शा एक, एत्शा दोन, असं करत तेरापर्यंत.
आई सहामध्ये म्हातारी झाली
आणि पाण्याची चव घेऊन सांगू लागली,
"ही कुबांगो. उतावळी. हिला आधी यायचं असतं.
आमची कुइतो मागून येते."
लोक हसायचे. पाण्याला कसली आलीय सही?
पण मेच्या मध्यावर,
आकडा उतरणीला लागलाय असं वाटताना,
पट्टीवर तो खरंच अडायचा,
दोन दिवस, तीन दिवस, एकाच खुणेवर,
मागून कुणी हात दिल्यासारखा.

या नदीला समुद्र नाही.
एवढं सगळं येतं ते ऊन पितं, लव्हाळी पितात,
हत्ती पितात, थोडं वाळूत जातं,
शेवटी बोटेतीत जे उरतं ते
एवढ्या हिशेबाला शोभत नाही.
ओसरल्या मळ्यात तेवढी ओल धरून
बायका मका टोचतात.

आज सतरा मे.
सकाळी दोन मीटर चार. काल दोन मीटर चार.
ऑफिसला कळवून झालं.
संध्याकाळी कापिंगा पुन्हा उतरते,
काठीनं ठोकते, पट्टी पुसते,
ओंजळभर पाणी तोंडात धरून उभी राहते.
तिला चव कळत नाही. कधीच कळली नाही.
आकडा मात्र ती वाचते, मोठ्यानं:
दोन मीटर चार.
संध्याकाळच्या वाचनाला
वहीत रकाना नाही.