छाट

तवंदी घाटाकडून वारा सुटला
की न्हाणीघराची खिडकी आधी लावून घ्यायची.
मग कोपर बुडवायचं पाण्यात.
थर्मामीटर म्हणतो सदतीस,
पण कोपराला विचारल्याशिवाय
मी कुणालाच टबात उतरवत नाही.

बाळव्वा कमतनूर, वय ब्याऐंशी, खोली चार.
उतरण्याआधी नाडी शहात्तर,
रक्तदाब एकशे तीस, ऐंशी.
निर्गुडीचा पाला बाजूला सारत
सुजलेले गुडघे हळूहळू पाण्याखाली जातात.

बोटाला चिमटा लावला
तर मशीनवर नुसत्या रेघा.
चाळीस वर्षं निपाणीत बिड्या वळून
अंगठा आणि तर्जनी अशी घट्ट झालेली
की उजेडसुद्धा आत शिरत नाही.
पहिल्या दिवशी मी घाबरले होते.
"माझीच बॅटरी संपलीया," ती म्हणाली.
तेव्हापासून चिमटा कानाच्या पाळीला.

दहा मिनिटं.
मी मनगट धरून मराठीत मोजते,
ती कन्नडात.
ओंदू, एरडू, मूरू...
आणि पाण्याखाली तिची बोटं चालू लागतात
पान, चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा, चेप.
पंचवीस झाल्या की कट्टा बांधते,
पाण्यावर सोडून देते.
त्यात माझी नाडी चुकते.
पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या मंगळवारी
अठराव्या बिडीला बोटं थांबली.
ओठांचा रंग गेला.
नाडी होती, पण अशी,
जशी भिंतीपलीकडे कुणी दोरा ओढतंय.
मान धरली. बूच काढलं.
"सुनंदाक्का!" म्हणून ओरडले
ते स्वयंपाकघरापर्यंत गेलं म्हणे.
पाणी घोगरत उतरत राहिलं,
पाला तिच्या पोटावर चिकटून.
नव्वद, पन्नास.
टॉवेल. पायाखाली उशी. आणखी एक उशी.
मी काहीच मोजत नव्हते आता,
नुसती धरून बसले होते.

किती वेळाने कोण जाणे
डोळे न उघडताच ती म्हणाली,
"हत्तोंबत्तू."
एकोणीस.

संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं:
पाणी छत्तीस. वेळ पाच मिनिटं. एकटीने न्हाऊ घालू नये.
खाटेवरून ती माझ्या पेनाकडे बघत होती,
कारखान्यातल्या चेकरकडे बघावं तसं.
"किती छाट काढलीस गं?"

"एक बी न्हाई, बाळव्वा."

तिला ते खरं वाटलं नाही.
चेकरवर कोण विश्वास ठेवतं?