फळीखालची पट्टी

फळीखालची जुनी ट्यूब
लाटण्यानं ठोकल्याशिवाय लागायची नाही.
दोनदा हळू, एकदा जोरात.
घरात हे फक्त मला जमायचं.
तिचा चोक गुणगुणत राहायचा
कणीक मळून होईस्तोवर.

काल घाटंजीहून निशिकांत आला.
तीन हात पट्टी, मागून चिकट,
पिवळी सांगितली होती, पांढरीफटक आणली.
"आता ठोकाचं नाई काकू,
निस्तं बोट लावाचं."

बोट लावलं.
डाळीतले खडे दिसले.
फळीच्या पोटाला धरलेली काजळी,
आणि तिखटाच्या डब्यामागं
पेन्सिलीनं लिहिलेलं: सिलेंडर, नऊ जानेवारी.
अक्षर माझंच. साल नाही.

जुनी ट्यूब नेऊ का, त्यानं विचारलं.
दोन्ही टोकं काळी पडलेली.
नेऊ दिली.

रात्री ज्वारीच्या भाकरी थापताना लाईन गेली.
तव्यावरची उलथली अंदाजानं.
अंधारात हात आपसूक लाटण्याकडे गेला,
वर गेला,
दोनदा हळू

आणि लाईन आली,
तिची ती, न गुणगुणता.

फळीला पिठाचे दोन ठिपके.
नव्या उजेडात
फारच स्पष्ट दिसतात.