तिसरं दरपत्रक

तीन दरपत्रकं लागतात, दोन चालत नाहीत.
हैदराबादचं आलं, पुण्याचं आलं.
तिसऱ्यासाठी नांदेडच्या एका दुकानदाराला गळ घातली,
जो एरवी शाळांना बीकर आणि बेडकांचे सांगाडे पुरवतो.
त्यानं विचारलं, मॅडम, एलायझा म्हणजे कोण?
म्हटलं, यंत्र आहे. तुम्ही फक्त किंमत जास्त लिहा.

तोवर उदगीरला उन्हाळा लागला.
डीप फ्रीजरमध्ये दोनशे बारा कुप्या उभ्या,
प्रत्येकीत बोटाच्या पेराएवढं सीरम,
झाकणावर माझ्या हातचा मार्कर: गाव, गाय, तारीख.
वीज गेली की खाजामियाँ फ्रीजरवर गोधडी टाकायचे
आणि वर हात ठेवून बसायचे,
तापलेल्या पोरीच्या कपाळावर ठेवावा तसा.
दार उघडू नका, एवढंच म्हणायचे,
मलाही.

खरेदी समितीनं विचारलं,
एवढ्या पैशात किती गाई येतील?
अकरा. देवणी, चांगल्यातल्या.
हिशेब मी आधीच केला होता, सांगितला नाही.
म्हटलं, सर, रक्तात हे हार्मोन फार थोडं असतं,
एका ग्रॅमचा अब्जावा भाग वगैरे.
इतिवृत्तात ते उतरलं:
'अंदाजे'.

देवर्जनच्या शेवंताबाई केंद्रे
दर दहा दिवसांनी कासरा धरून उभ्या राहायच्या.
तिसऱ्या वेळी म्हणाल्या, काय म्हणतंय हो रगत?
मशीन यायचंय, मावशी.
कुठवर आलंय?
फाइलीत, असं कसं सांगू. म्हटलं, वाटेत.

यंत्र आलं ऑक्टोबरात.
लाकडी पेटी, पेटीत फोम, फोमात ते,
किराणा दुकानातल्या वजनकाट्याएवढं.
डेड स्टॉक रजिस्टर, पान चौऱ्याहत्तर.
पेटीतून निघालं तेच
मेलेल्यांच्या वहीत.

मग शहाण्णव खड्ड्यांची प्लेट.
या परीक्षेत रंग उलटा चालतो.
जिथे काहीच नाही तिथे झेंडूसारखा गडद पिवळा,
जिथे भरभरून आहे तिथे फिका,
जवळजवळ पाणीच.
खाजामियाँना हे पटायला दोन प्लेटी गेल्या.
मला पटलेलं होतं, कागदावर.

देवर्जन, चांदणी, एप्रिलच्या तीन तारखा.
तीन खड्डे.
तिन्ही फिके.

फोन लावला.
ती व्हय, शेवंताबाई म्हणाल्या,
ती मे महिन्यातच दिली की हाळीच्या बाजारात,
भाकड म्हणून.
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
मग त्यांनी विचारलं, किती दिवसांची व्हती?
महिन्याची, मी म्हटलं,
आणि तोंडातून तोच शब्द गेला:
अंदाजे.

नांदेडचा दुकानदार अधूनमधून फोन करतो.
मागणी नाही मिळाली तरी माणूस चांगला आहे.
विचारतो, तुमच्या एलायझाबाई
बऱ्या आहेत ना?