हूद

इनास डिसोजाच्या दुकानात मशिनं तीन.
एक बंद. एकाला हात लावला की झिणझिण्या.
तिसऱ्यावर मारामारी,
आणि मारामारीच्या मागे, डावीकडे,
खुंटावर बसून मासा खाणारा एक प्राणी.

गेमचं नाव जपानी अक्षरांत.
वेंगुर्ला बंदरात ते वाचणार कोण?
प्राण्याचं नाव आम्हीच ठेवलं, हूद.
मांडवीच्या खाडीत रात्री जाळं फाडून जातो तोच,
फक्त एक डोळा कमी
आणि शेपटीत पितळी कडं.

मुलगे लढायचे. मी डबा घेऊन उभी.
आई काजूच्या कारखान्यात, बोटं चिकानं काळी,
तिचा डबा इथे थंड व्हायचा.
मुलींनी खेळू नये असं कोणी म्हटलं नव्हतं,
नाणं मात्र कोणी दिलं नाही.
म्हणून मी मागचं बघायचे.
कोणी पडला की हूद खाणं थांबवी,
मान वळवी पडलेल्याकडे.
जिंकलेल्याकडे एकदाही नाही.
मी मोजलंय.

दुसऱ्या भागात तो खुंटावरून उतरला.
फेरी संपली की धावत येई
आणि हरलेल्याचं काहीतरी उचलून नेई:
चप्पल, तलवार, एकदा तर दात.
गुंडू आरोंदेकर ओरडायचा, "चोर मेलो!"
मला वाटायचं, पायाखाली येऊ नये म्हणून नेत असेल.
पुरावा नाही.

तिसऱ्या भागात हूद खेळायला मिळे,
सलग अकरा वेळा हरलात तर.
हे कोणाला कळणार?
अकरा वेळा हरलेल्याकडे बाराव्याला नाणं कुठलं?
कळलं पास्कूला, इनासच्या मुलाला.
त्याचा डावा हात लुळा, खेळ फुकट,
हरणं ठरलेलं.
मासळीचा लिलाव आटपलेली दुपार,
बर्फाच्या लाद्यांवर भुसा,
आणि पडद्यावर एकटा हूद,
आमच्याकडे तोंड करून, पहिल्यांदाच.
त्याला डाव दोनच. एक चावणं.
दुसरं बटण दाबलं की तो मागे वळून
पाण्यात उडी मारी.
सामना रद्द. कोणी जिंकलं नाही.
आणि मशिनीनं खणकन दोन नाणी परत टाकली.
"मेल्यांनू, मशीन मोडलास!"
इनास आतून धावत आला, हातात अर्धा सोललेला बांगडा.
त्यातलं एक नाणं पास्कूनं माझ्या डब्यावर ठेवलं.
ते मी खेळले नाही. अजून आहे,
शिवणाच्या पेटीत, बटणांमध्ये.

चौथ्यात त्याला साखळ्या होत्या.
डोंगराएवढा केलेला, लाल डोळा,
शेवटून दुसरा राक्षस.
त्याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नसे.
गुंडूला चाळीस दिवस लागले.
त्या संध्याकाळी सगळे नाचले, सोडा फुटला,
इनासनं उधारी माफ केली.
पडद्यावर हूद कोसळत होता, बराच वेळ,
हळू, जशी ओहोटीला होडी कलते.
मी मागे बघत राहिले, डावीकडे.
खुंट होता.
मान वळवायला त्यावर कोणी नव्हतं.

पाचव्यात तो नाहीच.
फक्त खुंट, त्यावर माशाचा काटा.
पास्कू तोवर कुवेतच्या बोटीवर गेला होता,
दुकानात झेरॉक्स आलं होतं.

आता सहावा. फोनवर.
माझी मुलगी पायरीवर बसून खेळते,
मी विळीवर सौंदाळे साफ करते.
"आई, हे बघ, एकोणऐंशी रुपयांत मिळतंय, घेऊ?"
बघते तर हूदाचं कातडं.
कोणीही घालावं, घालून लढावं.
कडं सोन्याचं केलंय.
डोळे दोन्ही. नीट करून टाकलाय त्याला.

मी हात पुसले नाहीत.
म्हटलं, "यात दुसरं बटण कुठलं?"
"कसलं?"
"पाण्यात उडी मारायचं."
तिनं पडदा दोन बोटांनी मोठा केला,
इकडून तिकडे सरकवला.
"पाणीच नाही गं इथे," ती म्हणाली,
आणि पुन्हा लढायला लागली.