कशाचं तरी काहीतरी

बुधवारच्या बाजारात, गंगेवर, भंगाराच्या ताडपत्रीवरून
विश्राम धात्रकने ते उचललं, ऐंशी रुपयांना.
हातभर लांब, पाच खाचा, एका टोकाला भोक,
अंगावर दोन पिढ्यांचा ऑइलपेंट.
"कशाचं आहे?" आम्ही विचारलं.
"लाकडाचं," तो म्हणाला.

सातपूरला बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत
आम्ही सहाजण शनिवारी जमतो.
जात्याच्या जागी आता टेबल, त्यावर शिकंजा,
पण कोपऱ्यातून अजून पीठ निघतं
आणि घरी गेल्यावर सून विचारते, भुसा की कणीक?

आधी निळा थर निघाला. खाली हिरवा.
हिरव्याखाली एस.टी.चा असतो तसला लाल.
मग हसनभाई कोकणींनी नाकाशी धरून सांगितलं,
सागाचं नाही. शिसव आहे, शिसव.
सगळ्यांनी वास घेतला. मला कळला नाही.
तीस वर्षं प्रेसमध्ये होतो,
शाईपुढे नाक गेलं.

साळवे म्हणाले, मागाचं असणार, येवल्याकडचं.
शरणपूरच्या चर्चची बाकं यांनीच जोडलेली,
म्हणून ऐकून घेतलं.
कचरूच्या मते बैलगाडीचं.
विश्रामच्या मते काठ्या अडकवून शेवया वाळवायचं.
भांडण तीन शनिवार पुरलं, चहाही.

समोरासमोर बसलो असतो तर
कुणी काही बोललं नसतं.
डोळे खाचांत होते, पॉलिशपेपर खरखरत होता,
तेव्हा गर्गे म्हणाले,
हिची आता पाचवी केमो.
कुणी मान वर केली नाही.
साळव्यांनी दोनशेवीस नंबरचा कागद
घडी घालून त्यांच्यापुढे सरकवला.
ती खाच गर्ग्यांनी एवढी घासली
की बाकीच्या चारांपेक्षा खोल झाली.

मधोमध चीर होती.
सरसात भुसा कालवून भरली, तरी दिसतेच.
दिसू दे, हसनभाई म्हणाले,
आपल्याला कुठे विकायचंय.
मग जवसाचं तेल, फडक्याने, दोन हात.
लाकूड पीत गेलं, आम्ही बघत राहिलो,
कचरूचा चहा तसाच साय धरून.

कशाचं ते शेवटपर्यंत ठरलं नाही.
भिंतीला आडवं ठोकलं.
पाच खाचांत पाच पिशव्यांचे बंद बसले,
माझी दाराच्या कडीला.
खोल खाच गर्ग्यांची, असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग गर्गे आले नाहीत. एक शनिवार, दुसरा, पाचवा.
मधल्या काळात सगळे अमरधामला जाऊन आलो,
तिथेही कुणाला शब्द सुचला नाही.
गिरणीत ती खाच रिकामी राहिली,
मीही पिशवी कडीलाच ठेवली.

काल ते आले. पिशवी अडकवली. बाह्या दुमडल्या.
"काय घ्यायचं आज?"
कचरूने टेबलाखालून एक पोळपाट काढला,
तीन पायांतला एक गायब.
गर्ग्यांनी उलटापालटा करून पाहिला,
अंगठा फिरवला मधल्या खळग्यावरून,
म्हणाले, "चला,
हे कशाचं आहे ते तरी माहीत आहे."