चार वाजताची भिंत

वडगावच्या त्या गल्लीत पाच मजले उभे राहायचे होते
आणि ईश्वर हलगेकरांना काच हवी होती.
निळी. जिच्यात ढग दिसतात तसली.
"काच लावली की माणूस मान वर करतंय की वो मॅडम,"
आणि स्वतःच मान वर करून दाखवली,
मोकळ्या प्लॉटवर, नुसत्या आभाळाकडे.

मी नकाशा फिरवून धरला.
दर्शनी बाजू पश्चिमेला.
वैजनाथाच्या डोंगराकडे कलणारं सगळं ऊन
रोज इथेच येऊन टेकणार, दुपारी दोनपासून.
एसी लावू, ते म्हणाले. बाहेरचे डबे गल्लीकडे काढू.
गल्ली अकरा फूट. पलीकडे निंगव्वा ढवळीचं बसकं घर,
पूर्वेच्या खिडकीशी माग.

माझ्याकडे आकडे होते. आकड्यांनी कोणाला घाम फुटत नाही.
म्हणून शनिवारी कपाटाचा आरसा मागवला, माणसाएवढा,
दोन गवंड्यांना पहिल्या मजल्याच्या परांचीवर चढवलं
आणि चार वाजायची वाट पाहिली.

ऊन आरशातून असं उडालं
की निंगव्वाच्या खिडकीत जणू कोणी परात आपटली.
अर्धं विणलेलं लुगडं पांढरंफटक.
ती डोळ्यांवर पदर धरून बाहेर आली,
आधी कन्नडमध्ये शिव्या दिल्या,
मग आम्ही कोण ते बघून त्याच मराठीत.
हलगेकर आरशाकडे बघत होते.
"हा एक आरसा," मी म्हणाले. "तुम्ही दोनशे लावणार."

त्यांनी उत्तर दिलं नाही. चहा मागवला. चार कप,
एक पलीकडे पाठवला.

मग खानापूरच्या मातीची जाळी ठरली.
पोकळ नळ्या, भट्टीत भाजलेल्या, भिंतीपासून हातभर पुढे,
मधल्या फटीतून वारा वर चढावा म्हणून.
किती दाट, किती विरळ, यावर मी आठवडा घालवला.
निंगव्वानं कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाली,
"काठाला फणीत दोरे जास्त घालतो आम्ही.
झिजतंय तेच पहिलं. अंग विरळ चालतंय."
मी पश्चिमेचा वरचा कोपरा काठासारखा भरला.
उत्तर सैल सोडली. कोणाला सांगितलं नाही
की हा हिशेब कुठून आला.
आता सांगते.

पहिली भट्टी फसली. बाराशे नळ्यांना चिरा.
परशराम कुंभार म्हणाला, माती घाईची नव्हे,
आणि महिनाभर फोन उचलला नाही.
हलगेकरांनी त्या महिन्यात तीनदा काचेचा भाव विचारला;
तिसऱ्यांदा मला न सांगता.
तिसऱ्या मजल्यावरचा एक चौकोन शेवटी रिकामाच राहिला,
तिथं पारवे राहतात, भाडं न देता.

पाटी रंगवणारा आला तेव्हा
वर कुठली अक्षरं, खाली कुठली, केवढी,
यावर गल्लीत जेवढी चर्चा झाली
तेवढी त्या भिंतीवर कधीच झाली नाही.
ऊन तेवढा वेळ जाळीवर उभं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात मी थर्मामीटर घेऊन गेले.
आत बाहेरपेक्षा पाच अंश कमी. फरशीवर भोकाभोकांचं ऊन,
एक पोर त्यातल्या एकेका ठिपक्यावर पाय देत चाललेलं.
एसीचे डबे गच्चीवर, निम्मे बंद.
हलगेकर म्हणाले, "गार आहे खरं,
मान कोण वर करीनात."

मी गल्ली ओलांडली, शाबासकीच्या आशेनं.
निंगव्वानं माग थांबवला नाही.
"डोळ्याला लागत नाही आता," धोटा इकडून तिकडे गेला,
"खरं तुमच्या भिंतीचा तांबडा उजेड येतोय चारनंतर.
लाल कुठला, केशरी कुठला, कळत नाही.
लालाचं काम मी सकाळी करतो."

ते मी वहीत लिहून घेतलं,
पाच अंशांच्या खाली.